अँबॅसिडर घेऊ की वॅगनआर? आधी सांग, चालवणार कोण

पत्र असं आलंय, थोडं छाटून देतेय:

"काकू, नमस्कार. मी नाशिकला अंबडच्या कंपनीत शिफ्टमध्ये आहे, राहायला पाथर्डी फाटा. घरात बायको, दीड वर्षाची मुलगी आणि आई. आईचे गुडघे गेलेत, आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपीला कॉलेज रोडला न्यावं लागतं, रिक्षाला पैसा फार जातो. तीन लाख साठवलेत, कर्ज नकोय. बायको (तिला लायसन्स आहे) म्हणते गुपचूप सेकंडहँड वॅगनआर घे. पण मला लहानपणापासून जुन्या ब्रिटिश गाड्यांचं वेड, आजोबांची मॉरिस मायनर होती, मी फक्त फोटोत बघितलीये. आता देवळालीत एक गृहस्थ १९८२ ची अँबॅसिडर मार्क ४ विकतायत, एक लाख सत्तर हजार. पांढरी, चालू. ती घेऊन उरलेल्या पैशात दुरुस्ती केली तर सगळंच भागेल असं वाटतं. मी वेडा आहे का? — फाट्यावर अडकलेला"

अरे अडकलेल्या, तुला तू म्हणते, माझा मुलगा तुझ्याएवढाच आहे. वेडा वगैरे काही नाहीस, आणि असलास तरी चुकीच्या बाईला विचारलंस. मी एकोणतीस वर्षं मोटार इन्शुरन्सचे क्लेम बघितले, म्हणजे ठोकलेल्या, बुडालेल्या, जळालेल्या गाड्या बघायच्या आणि मालक किती खरं बोलतोय ते ओळखायचं. आणि ड्रायव्हिंग शिकले ती बाबांच्या स्टँडर्ड हेराल्डवर, त्र्यंबक रोडला, तेव्हा तिथे संध्याकाळी सहानंतर कुत्रं नसायचं. त्यामुळे दोन्ही बाजूंनी बोलण्याचा मला अधिकार आहे असं मी समजते.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. तू शिफ्टला असतोस. फर्स्ट शिफ्ट असली की दुपारपर्यंत तू घरी नाहीस, सेकंड असली की संध्याकाळभर नाहीस. मग आईला फिजिओला नेणार कोण? तुझी बायको ना? लायसन्सचं तू कंसात टाकलंस, तेच खरं पत्र आहे बाबा. दीड वर्षाची पोर घेऊन, सासूला मागे बसवून, स्टिअरिंगला लटकलेला गिअर टाकत, पॉवर स्टिअरिंग नसलेली अँबॅसिडर मुंबई नाक्याच्या सर्कलमधून ती काढणार. चारी चाकांना ड्रम ब्रेक, पाय जोर लावून दाबायचा, आणि ८२ च्या गाडीला सीटबेल्ट कुठले, पोरीची चाइल्ड सीट बांधणार कशाला? तिला विचारलंस का हे? मला वाटतं तिने विचार करूनच वॅगनआर म्हटलंय आणि तुझं मन राखायला कारण सांगितलं नाही.

तर रोजची गाडी वॅगनआर, किंवा तिच्यासारखी. इथे माझं मत पक्कं आहे, पुढचं सगळं त्याच्यानंतर.

पण तुला अँबॅसिडरमध्ये नक्की काय आवडतं ते मला माहितीये आणि त्यातलं निम्मं तुला वॅगनआरमध्ये मिळेल, हसू नकोस. अँबॅसिडरमध्ये माणूस खुर्चीत बसल्यासारखा ताठ बसतो, आत शिरताना वाकावं लागत नाही, म्हणून तर साहेबलोक आणि पुढारी इतकी वर्षं तिच्यातून फिरले, धोतर आणि टोपी दोन्ही जागेवर राहायचं. वॅगनआरपण उंचच आहे, सीट साधारण कमरेच्या उंचीला, गुडघे दुखणाऱ्या माणसाला आत 'उतरावं' लागत नाही आणि बाहेर 'चढावं' लागत नाही. अल्टोत तुझ्या आईला रोज बसव म्हणजे फिजिओवाल्याचा धंदा डबल होईल.

आणि दुसरी गंमत. तुझ्या आजोबांची मॉरिस मायनर ज्याने काढली तो अलेक इसिगोनिस, १९४८ ची गाडी ती. त्या गाडीचा नमुना तयार झाल्यावर ह्या माणसाला ती अरुंद वाटली म्हणून त्याने चक्क मधून उभी कापायला लावली, दोन अर्धुकं चार इंच लांब सरकवून बघितली आणि म्हणाला, हां, आता बरोबर. आजोबांच्या फोटोत बॉनेटच्या मधोमध एक उंच सपाट पट्टी दिसते का बघ, ते वाढवलेले चार इंच. नंतर सुएझच्या भानगडीत ५६ साली इंग्लंडात पेट्रोल रेशनवर आलं तेव्हा त्यालाच छोटी गाडी काढायला सांगितली, त्यातून १९५९ ची मिनी आली. दहा फूट लांबीची गाडी आणि चार माणसं आरामात, कारण त्याने इंजिन आडवं ठेवलं आणि ओढ पुढच्या चाकांना दिली. वॅगनआरचं बॉनेट उघड. इंजिन आडवं, ओढ पुढच्या चाकांना. मिनीत गिअरबॉक्स इंजिनाच्या पोटाखाली होता, तो बाजूला काढायची युक्ती नंतर इटालियन लोकांनी लोकप्रिय केली, पण हे बिऱ्हाड गाजवलं त्यानेच. म्हणजे आजोबांच्या मायनरशी नातं सांगायचं तर तुझ्या बायकोची वॅगनआर अँबॅसिडरपेक्षा लांबची नाही, उलट. हे तिला सांगू नकोस, सांगितलंस तर ती म्हणेल मग काय प्रॉब्लेम होता.

आता वॅगनआर बघायची कशी. बजेट तीन लाख म्हणतोस ना, मग गाडी अडीचपर्यंतच बघ, मेलास तरी वर जाऊ नकोस, कारण चार टायर म्हणजे पंधरा-सोळा हजार कुठे गेले नाहीत, बॅटरी, सर्व्हिस, ट्रान्स्फर, इन्शुरन्स धरून पस्तीस-चाळीस हजार पहिल्याच महिन्यात उडतात आणि प्रत्येक जण ते विसरतो. २०१४ ते १६ च्या आसपासची पेट्रोल, पॉवर स्टिअरिंगवाली, आणि मिळाली तर एअरबॅग असलेली घे. ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली ती जुलै २०१९ पासून, त्याच्या आधीच्या गाड्यांत ती वरच्या किंवा ऑप्शनल मॉडेललाच असायची, म्हणून शोधावी लागेल, पण शोध. जुनी आय-टेन पण चालेल. डिझेल नको, घर ते फिजिओ एवढ्याशा फेऱ्यांना डिझेलचं काय काम.

पाण्यात बुडालेली गाडी हा माझा खास विषय, तेव्हा इथे जरा थांबते. २०१९ च्या ऑगस्टात गोदावरीला आलेला पूर तुला आठवतच असेल, नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या डोक्यावरून पाणी गेलं होतं. आपल्याकडे पूर मोजायची पट्टी तीच, कमरेला लागलं, गळ्याशी आलं. त्याच महिन्यात सांगली-कोल्हापूरपण बुडालं. त्यातल्या गाड्या काही सगळ्या भंगारात गेल्या नाहीत, धुवून पुसून सेंट मारून कुठे ना कुठे विकल्या गेल्या, आणि दरवर्षी कुठेतरी पाणी येतंच, म्हणजे नवीन माल तयार. मालक सांगणार नाही. गाडी सांगते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढ, अगदी संपेपर्यंत, आतल्या टोकाला चिखलाची पिवळट रेघ असते, ती धुवायला कोणी जात नाही. सीटखालच्या लोखंडी पट्ट्या बघ, गंजलेल्या? डिकीतलं स्टेपनी उचल आणि खालच्या खड्ड्यात बोट फिरव. कार्पेटचा कोपरा उचलून वास घे. आणि गाडीत बसल्या बसल्या जर मोगऱ्याचा भपकारा आला तर समज की काहीतरी लपवलंय, मी एकदा असा वास घेऊन क्लेम नाकारला होता आणि बरोबर निघालं होतं.

बाकीचं पटपट. इंजिन गार असताना बघायला जा, आधी फोन करून सांग की सेल्फ मारून ठेवू नका, आणि पोहोचल्यावर बॉनेटला हात लावून बघ, गरम लागलं तर चहा पी, गप्पा मार, नाहीतर सरळ उद्या ये. ऑईलचं झाकण उघडून आत सायीसारखं पांढरं दिसलं तर हेड गॅस्केटकडे (इंजिनाच्या डोक्याखालचं पॅकिंग) बघावं लागेल, हिवाळ्यात थोडं वाफेनंपण होतं म्हणून लगेच घाबरू नकोस पण मिस्त्रीला दाखव. निळा धूर म्हणजे ऑईल जळतंय. सगळ्या काचांच्या कोपऱ्यात बारीक शिक्का असतो, त्यावरून साल कळतं, एकच काच वेगळी निघाली तर विचारायचं का बदलली. टायरवर चार आकड्यांचा कोड असतो, ३२१९ म्हणजे २०१९ चा बत्तिसावा आठवडा. मीटर चाळीस हजार दाखवतंय आणि क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालंय, तर रबर खरं बोलतंय.

कागद. आरसी, हायपोथिकेशन, म्हणजे गाडीवर कर्जाची नोंद, असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, ट्रान्स्फरला फॉर्म २९ आणि ३०, गाडी दुसऱ्या आरटीओची असेल तर तिथली एनओसी फॉर्म २८ वर. एमएच १५ ची घेतलीस तर पेठ रोडच्या एकाच ऑफिसात काम होतं, मालेगावची एमएच ४१ स्वस्त मिळाली म्हणून हुरळू नकोस, एक चक्कर वाढते. जुन्या गाडीला एचएसआरपी, म्हणजे ती हाय सिक्युरिटी नंबरप्लेट, लावली आहे का बघ. इन्शुरन्स चौदा दिवसांच्या आत नावावर करायला अर्ज दे, आणि नो क्लेम बोनस विकणाऱ्याचा असतो, गाडीचा नाही, त्यामुळे तो धरून हिशोब करू नकोस. हे वाक्य मी आयुष्यात किती लोकांना सांगितलं असेल ह्याची मोजदाद नाही, तरी सगळे भांडतात.

हां, आता तुझी देवळालीची बाई.

अँबॅसिडर म्हणजे मुळात मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज थ्री, इंग्लंडात ती बंद झाली आणि आपल्याकडे बंगालच्या उत्तरपाड्यात २०१४ पर्यंत बनत राहिली. मार्क ४ ला ते १४८९ सीसीचं, बीएमसी ह्या ब्रिटिश कंपनीचं इंजिन, साधंसुधं, दणकट, झाडाखालचा मिस्त्रीपण उघडेल. तुला जुनी ब्रिटिश वळणाची गाडी घ्यायचीच असेल तर हीच घ्यावी असं मी म्हणेन, हेराल्ड किंवा मायनर नको, कारण इतकी वर्षं बनल्यामुळे हिचे पार्ट मिळतात. (पद्मिनी ब्रिटिश नव्हे, ती फियाट, इटालियन, मला दर महिन्याला कोणीतरी चुकीचं लिहितं. आणि शोरूममधल्या आत्ताच्या एमजीचं नाव मूळ ऑक्सफर्डच्या मॉरिस गॅरेजचं, पण त्या नावाची मालकी आता चिनी कंपनीकडे आहे.)

हेराल्ड का नको ते मी अंगावर काढलंय. आमची दोन दारांची, फिकट निळी, मद्रासला बनलेली, अख्खं बॉनेट मडगार्डसकट पुढे पालथं व्हायचं, इंजिनाशेजारी टायरवर बसून काम करा. लंडनच्या टॅक्सीसारखी जागच्या जागी वळायची. बाबा गेल्यावर मी चालवायचे. तिच्या पुढच्या चाकाला खाली ट्रनियन म्हणून पितळी भाग असतो, त्यात ग्रीस नाही, गिअर ऑईल घालायचं असतं, नव्वद नंबरचं, बाबा स्वतः दर दोन-तीन महिन्यांनी घालायचे. मी ती गॅरेजला टाकायला लागले, पोरगं हुशार होतं, निपल दिसलं की ग्रीसगन लावायचं, त्याचं काय चुकलं. वर्षा-दीड वर्षाने कॅनडा कॉर्नरला मी वळत होते, सायकलच्या वेगात, आणि कट्ट असा आवाज येऊन पुढचं डावं चाक बाहेरच्या बाजूला आडवं पडलं, गाडी गुडघा टेकल्यासारखी बसली. चार कॉलेजची पोरं आणि एका दूधवाल्याने उचलून बाजूला ठेवली. तेच घाटात कसाऱ्याला झालं असतं तर मी हे लिहीत नसते. पार्ट मिळायला अकरा महिने लागले, मावसभावाने इंग्लंडहून येताना बॅगेत कपड्यांच्या मधे घालून आणला, आणि तोपर्यंत गाडीच्या फ्लोअरमधून गवत आलं होतं. शेवटी पुण्याच्या एकाला दिली. त्याने ती छान केली असं ऐकलं. मी बघायला गेले नाही.

मायनरलाही पुढच्या चाकाला असलीच भानगड आहे, तिथे ग्रीस चालतं पण वेळेवर लागतं, न घातल्यास तिचंपण चाक असंच आडवं पडतं. शिवाय तिच्यात बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं, आजच्या गाड्यांच्या बरोबर उलट, कोणीतरी उत्साहात मोबाईल चार्जर किंवा टेप लावून देतो आणि मग धूर. नट-बोल्ट इंचाचे, तुझ्या मिस्त्रीकडे एमएमचे पाने, ते घसरतात आणि नटाची कानं जातात. ह्या गाड्या वाईट नाहीत रे. त्यांना घरातल्या म्हाताऱ्यासारखं वेळेवर औषध लागतं, आणि ते देणारा माणूस घरात हवा. तुझ्या घरात सध्या एक दीड वर्षाचं आणि एक गुडघ्यांचं असे दोन पेशंट आहेत, तिसऱ्याला कोण बघणार?

तरी बघायला जायचंच असेल (जाशीलच, मला माहितीये) तर फ्रिजवरचं चुंबक रुमालात गुंडाळून खिशात घाल. अँबॅसिडरला वेगळी चासी नाही, बॉडीच सगळं वजन पेलते, म्हणून गंज हा रंगाचा नाही, हाडाचा आजार. दाराखालच्या पट्ट्या, पायाखालचा फ्लोअर, मागच्या चाकांच्या कमानी, डिकीचा तळ, जिथे चुंबक चिकटत नाही तिथे पत्रा नाही, लांबी (पुट्टी) भरलेली आहे. वर नवीन पांढरा रंग आणि खाली लांबी, म्हणजे एक सत्तर रंगाचे चाललेत. उरलेल्या एक लाख तीस हजारात 'दुरुस्ती' म्हणतोस, डेंटिंग-पेंटिंगवाल्याने एकदा पत्रा उघडला की कुठे थांबायचं ते त्यालाही कळत नाही. शिवाय रबर. हल्ली पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल, जुने रबरी पाइप त्याने मऊ पडतात, तळाला पाणी धरतं, टाकी गंजते, त्यामुळे पाइप बदललेत का आणि केव्हा हे विचार, "सगळं ओके आहे" हे उत्तर धरू नकोस.

आणि आरसी आधी बघ, गाडी नंतर. लोकांना वाटतं पंधरा वर्षं झाली की गाडी बंदच, तसं नाही, ते दिल्लीकडचं. आपल्याकडे खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांनी रिन्यू करायचं आणि मग दर पाच वर्षांनी, पर्यावरण कर वेगळा. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वीस वर्षांवरच्या कारची रिन्यूअल फी १०,००० केली, जायच्या आधी आत्ताचा आकडा बघून घे. देवळालीच्या गृहस्थांनी शेवटचं रिन्यूअल केव्हा केलं? जुनं पुस्तक कॉम्प्युटरवर चढवलंय का, की अजून हाताने लिहिलेलंच आहे? ऑनलाइन नंबर टाकून गाडी दिसत नसेल तर आधी बॅकलॉग एंट्री त्यांना करू दे, पैसे नंतर. मूळ मालक वारले असतील आणि गाडी अजून त्यांच्याच नावावर असेल, हे जुन्या गाड्यांत सारखं होतं, तर वारसांच्या सह्या गोळा करण्यात तुझी पोर शाळेत जाईल. कोणी सांगेल 'व्हिंटेज'मध्ये घाला, तर ते पन्नास वर्षांवरच्या गाडीला, व्हीएचा वेगळा नंबर मिळतो, आणि अशी गाडी रोज वापरायची परवानगीच नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल-दुरुस्तीपुरतीच रस्त्यावर. ८२ ची गाडी तिथे पोचायला २०३२ उजाडेल.

मी तुझ्या जागी असते तर अडीचची वॅगनआर घेतली असती, चाळीस हजार तिच्यावर, आणि जे दहा उरतात त्यात रिक्षाचे वाचलेले टाकत गेले असते, वेगळ्या खात्यात, बायकोला सांगून. मधल्या काळात गाडी न घेता मिस्त्री शोधायचा. नाशकात अजून जुने हात आहेत, पंचवटीत, जुन्या नाशकात, विचारत जा, रविवारी मिसळ खायला निघतोसच, अर्धा तास त्यांच्याकडे बस, पाने उचलून दे. अँबॅसिडर कुठे पळत नाही, ही गेली तर दुसरी मिळेल, लाखांनी बनल्यात. दोन वर्षांनी पार्किंग, मिस्त्री आणि पैसा तिन्ही असले तर मला लिही, मी स्वतः येते बघायला, मला कारणच हवंय.

ह्या रविवारी एवढं कर. वॅगनआर बघायला जाताना आईला बरोबर ने, मागच्या सीटवर दोनदा बसायला-उठायला लाव, आणि टेस्ट ड्राइव्ह बायकोला घेऊ दे, तू मागे बसून गप्प राहा. देवळालीला गेलास तर एकटा जा, खिशात पैसे न घेता. आणि चुंबक आल्यावर परत फ्रिजला लाव, नाहीतर बिलं खाली पडलेली दिसली की ती बरोबर विचारेल कुठे गेला होतास.